काचेच्या गोळ्यातला दिवा

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय वहिनी,

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या दारावरच्या दिव्याचे बल्ब सारखे उडतायत आणि दादानं आतली वायर सैल जोडली असावी. ते खरं नाही. मी न बघता लिहिलं. काल फारूखभाईंनी शिडी लावून सगळं उघडलं. दादाचे जोड जसेच्या तसे घट्ट आहेत. त्यांनी स्क्रू फिरवून पाहिला तर तो जागचा हललाही नाही. टेप कापायला ब्लेड लागलं. वर उभे राहूनच म्हणाले, "बेटा, तेरा भाई इत्ती टेप कायकू मारा? मैं मारा तो गिऱ्हाईक बोलेगा, टेप बेचने आया क्या." मी हसले. आई हसली नाही, पण शिडी धरलेला हात तिनं जरा वर सरकवला.

दादाला जाऊन दीड वर्ष झालं. स्वतःची बाजू मांडायला तो नाही, आणि त्याच्या कामाला मी नाव ठेवलं. म्हणून आज उठल्या उठल्या हे लिहायला बसले. तू ते पत्र कुणाला वाचून दाखवलं असशील तर एवढं त्यांनाही सांग.

तुला फोनवर बोलता येत नाही हे मला कळतं. मोबाईल भावाचा, आणि बोलायचं तेही स्पीकरवर, सगळ्यांसमोर. म्हणून तुझ्या शिवणक्लासच्या पत्त्यावरच लिहीत जाईन. आपल्या दोघींचं एवढं तरी आपल्या दोघींत राहू दे.

दोष अजून सापडलेला नाही. फारूखभाईंनी होल्डर बदलला. त्यांचा संशय व्होल्टेजवर आहे. आपलं घर गल्लीत शेवटचं, रात्री बाकीच्यांचे दिवे बंद झाले की आपल्याकडं दाब चढत असेल, असं म्हणतात. मीटर घेऊन परत येणार आहेत.

मला दिव्यापेक्षा आईची काळजी वाटते. बल्ब गेला की ती उंबऱ्यावर पणती लावते आणि दारातच बसून राहते. मी लॅबमधून आले की पाणी विचारायच्या आधी विचारते, "बल्ब आणला का?" एकदा विसरले तर म्हणाली, "तू शिकलेली हायस, तुझ्या ध्यानात राहायला पायजे." तिला अंधाराची भीती वाटायला लागली असावी. घरात दोघीच उरलो ना. पूर्वी तिला असं काही नव्हतं. उलट बाबांच्या सेकंड शिफ्टपासूनचा नियम तिनंच चालवला: घरातलं शेवटचं माणूस आत आलं की त्यानंच दारावरचा दिवा बंद करायचा. दिवा बंद म्हणजे सगळे घरात. हल्ली शेवटची मीच. आठच्या सुमाराला येते, चप्पल काढते, बटण दाबते. मग तो दिवा दिवसातून दोन तास तरी चालतो का? तरी उडतो.

दादानं हा दिवा बसवला तेव्हा शिडी तू धरली होतीस. त्या वेळचं काही आठवत असेल तर लिही.

तुझी,
अपेक्षा


सोयगाव
१ डिसेंबर २०२५

प्रिय अपेक्षा,

तुझं पत्र क्लासच्या बाईंनी दिलं. वायर सैल असंल असं तू लिहिलंस तवाच मला ते खरं वाटलं नव्हतं, पण मी काय बोलणार. आता तूच लिहिलंस, बरं वाटलं. ह्यांना साधी खुंटी ठोकायची असली तरी भिंतीला तीनदा पेन्सिल लावायचे.

शिडी मीच धरली होती. तो काचेचा दुधी गोळा पण मीच घेतला, गुलमंडीवरून. हे म्हणत होते साधा पत्र्याचा टोप घेऊ. मीच हट्ट केला. साध्या दिव्यावर पाकोळ्या येतात, सकाळी रांगोळी काढायला बसलं की उंबऱ्यावर पंखांचा सडा. मग ह्यांनी गोळ्याला खालून रबराची रिंग बसवली आणि भवती पांढरी पेस्ट भरली. म्हणाले, "आता मुंगीला पण आत जायचं तर तुला विचारावं लागंल." फारूखभाईला सांग, गोळा काढताना डावीकडं फिरवा, हळू. जोर केला तर फुटंल.

अपेक्षा, एक विचारते, खरं लिही. आत्याबाई माझं नाव काढतात का?

भाऊबीजेच्या दिवशी भाऊ न्यायला आला तवा तू कामावर होतीस म्हणून तुला ठाऊक नाय. मी बॅग घेऊन उंबऱ्यापाशी थांबले होते. आत्याबाई सैपाकघरात गेल्या त्या बाहेरच आल्या नायत. डब्यांचा आवाज येत होता. मी दोनदा हाक मारली, "आत्याबाई, निघते." आवाज बंद झाला, पण त्या आल्या नायत. भाऊ बाहेर गाडी चालू करून हॉर्न वाजवत होता, अंधार पडायच्या आत अजिंठ्याचा घाट उतरायचा होता त्याला. मग मी तशीच निघाले.

त्यांचा राग बरोबर हाय. त्यांच्या लेकाच्या घरातून मी उठून आले. राहिले असते तर राहू दिलं असतं त्यांनी जन्मभर, हे मला ठाऊक हाय. पण तू कामाला जायचीस आणि दिवसभर आम्ही दोघी समोरासमोर. त्या माझ्याकडं बघून रडायच्या नायत आणि मी त्यांच्याकडं बघून. एवढं न रडता राहायचं म्हणजे लई अवघड असतंय.

इथं ब्लाउज शिवायला शिकले. बाह्या अजून जमत नायत.

तुझी,
प्रेरणा वहिनी


मुकुंदवाडी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय वहिनी,

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. नाही, तुझं नाव आई काढत नाही. तुझा विषय निघाला की भांडी घासायला उठते, घासलेली असली तरी. पण ती रागावली आहे असंही मी ठामपणे लिहू शकत नाही. जे मला ठाऊक नाही ते मी आता लिहिणार नाही, एकदा लिहून पस्तावले आहे.

दिव्याचं पुढं असं. फारूखभाईंनी संध्याकाळी मीटर लावला, मग रात्री जेवणानंतर पुन्हा आले, मग एकदा पहाटे नमाजाहून परतताना आले. तिन्ही वेळा व्होल्टेज बरोबर. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाचे बल्ब जात नाहीत. मग आम्ही चांगल्या कंपनीचा बल्ब घेतला. परवा तोही गेला. आधी लुकलुकला, मग गेला. काढला तर त्याच्या गळ्याशी पांढरं प्लास्टिक पिवळं पडलेलं. फारूखभाई तो हातात फिरवत म्हणाले, "अब मेरेकू समझ में नै आरा. नींबू-मिर्ची लटकाके देखो. नजर लगी होगी."

आई म्हणाली, "आता नजर लागण्यासारखं राहिलंय काय घरात?"

त्यांनी एकदम टोपी सारखी केली आणि म्हणाले, "नक्को भाभी, ऐसा नक्को बोलो." चहा न घेताच गेले. वाईट वाटलं. तिनं टाकून बोलल्यासारखं नव्हतंच ते, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली.

तू लिहिलंस ते गोळ्याचं मी त्यांना सांगितलं, डावीकडं फिरवायचं. आता ते माझ्याकडं बघून हसतात, म्हणतात तेरी भाभी को मिस्त्री रख लेता मैं.

माझं लॅबमधलं चालू आहे. या आठवड्यात एका बाईंच्या रक्ताच्या नळीवर नाव बरोबर लावलं की नाही, याची मला घरी आल्यावर शंका आली. परत गेले, क्रांती चौकापर्यंत. नाव बरोबर होतं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुम्ही रोज अशाच परत आल्या तर इथंच पथारी टाका." बघ, लोकांचं रक्त मी तीनदा तपासते, आणि घरात एक बल्ब का जातो ते मला सांगता येत नाही.

संक्रांतीला ये ना. चार दिवस. मी रजा टाकते. तू आलीस की आईचं घासलेलं भांडं पुन्हा घासणं तरी थांबेल. तुझी उशी अजून तिथंच आहे. मी तिला ऊन दाखवते.

तुझी,
अपेक्षा


मुकुंदवाडी
रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं नाही, तरी लिहिते. दिव्याचा दोष सापडला.

मंगळवारी अंगात कणकण होती म्हणून मी लॅबमधून दुपारीच निघाले. गल्लीत वळले तेव्हा आपल्या दारावर पश्चिमेचं ऊन आलं होतं. त्या उन्हात गोळा नुसता पांढरा दिसत होता. अगदी जवळ गेल्यावर कळलं की आत दिवा चालू आहे. इतक्या उन्हात तो दिसतच नाही, म्हणून शेजाऱ्यांनाही कधी कळलं नसणार. बाहेरच्या कट्ट्यावर चढून मी गोळ्याला बोट लावलं आणि झटकन काढलं. तव्यासारखा तापला होता.

एवढंच आहे ते, वहिनी. वायर नाही, व्होल्टेज नाही, कंपनी नाही. दादानं मुंगीलासुद्धा जागा ठेवली नाही, आणि बल्ब बदलल्यावर आम्हीही गोळा रिंगेवर तसाच घट्ट बसवत आलो, त्यामुळं आतली उष्णता बाहेर पडत नाही. संध्याकाळी दोन-तीन तास लावला तर काही बिघडत नव्हतं, इतकी वर्षं बिघडलंच नाही. पण तो दिवसभर चालू असेल तर बल्ब आतल्या आत भाजून निघतो. आम्ही सगळं तपासलं, फक्त दिवा किती वेळ चालू असतो हे कुणी विचारलं नाही. ना फारूखभाईंनी, ना मी. मला वाटत होतं मला ते ठाऊक आहे.

सकाळी मी निघते तेव्हा दिवा बंद असतो, मी स्वतः बघते. म्हणजे मी गल्ली वळले की आई तो लावते, आणि मी यायच्या वेळेला काही घडलंच नाही असं दाखवते. संध्याकाळी मी बटण बंद करते ते तिच्यासमोर. ती बघत असते आणि काही बोलत नाही. त्यानंतर ती काय करते ते मी त्या रात्री जागून बघणार होते, पण बघितलं नाही. मला ते चोरून बघणं बरं वाटलं नाही.

मी दार वाजवलं नाही. परत गल्लीच्या तोंडाशी गेले आणि रिक्षा स्टँडच्या बाकावर अंगात ताप घेऊन आठ वाजेपर्यंत बसले. मग रोजच्यासारखी आले. तिनं विचारलं, "डोळे कामून लाल झाले?" मी म्हणाले, धूळ गेली.

मला वाटतं ती दादाची वाट बघते आहे. त्या रात्री तो वाळूजहून निघाला आणि पोचला नाही, तो दिवा तसाच चालू राहिला होता, तुला आठवत असेल. तिच्या मनानं ते मान्यच केलेलं नाही. आपण दोघी तिच्यासमोर रडलो नाही, त्यामुळं तिलाही ते कधी बाहेर काढता आलं नसेल. दादा आता येणार नाही, हे आपल्याच आईला मी कोणत्या शब्दांत सांगू? तू सांगशील का? तुझं ती ऐकायची.

उत्तर लवकर लिही. तोपर्यंत मी बल्ब आणून देते आहे आणि मला काही कळलंच नाही असं वागते आहे. हे मला जमत नाही.

तुझी,
अपेक्षा


सोयगाव
१४ जानेवारी २०२६

प्रिय अपेक्षा,

आज संक्रांत. तू बोलावलं होतंस, आले नाय. का ते लिहिते, पण आधी तुझं.

दिवा ह्यांच्यासाठी नाय. तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. पण ते तसं नाय. तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे गेले, तू गोळी घेऊन झोपली होतीस. तेरा दिवस दारावरचा दिवा कुणी बंद केला नव्हता, हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. आत्याबाई उठल्या. मला म्हणाल्या, "प्रेरणा, बाहेर कुणी राहिलं का?" मी नाय म्हणाले. मग त्यांनी स्वतः बटण बंद केलं. म्हणाल्या, "त्याची वाट आजपासनं बघायची नाय. त्याला तरास व्हईल." मग अंधारात आम्ही दोघी तिथंच खाली बसलो. तुला हे कधी सांगितलं नाय, कारण ते सांगण्यासारखं वाटलंच नाय.

म्हणून सांगते, त्यांना सगळं ठाऊक हाय. त्यांना काही समजावायला जाऊ नको. दिवा कशासाठी लावतात, ते मला काय ठाऊक. मनात एक येतंय, पण ते मी लिहीत नाय.

आता माझं. माझं लग्न ठरलं. बारा फेब्रुवारी, गुरुवार. पाचोऱ्याचे आहेत, मोटारी दुरुस्तीचं दुकान हाय, विहिरीवरच्या. पहिली बायको आजारात गेली. चांगले वाटले. बघायला आले तवा मी चहात साखर विसरले, त्यांनी तसाच पिला आणि कप खाली ठेवताना म्हणाले, "मला बी हल्ली असंच होतं." तेवढ्यावरच मी हो म्हणाले. भावानं जबरदस्ती केली असं समजू नको. मी एकतीस वर्षांची हाय. भावजयीच्या सैपाकघरात किती दिवस बाजूला उभं राहायचं.

एकच मागणं हाय. आत्याबाईला आत्ता सांगू नको. लग्न झाल्यावर कळू दे. मग शिव्या दिल्या तरी चालतील. आधी कळलं आणि त्या काहीच बोलल्या नायत, पुन्हा तशाच सैपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या, तर मला मांडवात उभं राहता येणार नाय.

तुला दुखलं असंल. मला ठाऊक हाय तू उशीला ऊन दाखवत होतीस.

तुझी,
प्रेरणा


मुकुंदवाडी
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर दिलं नाही, कारण मी रागावले होते. तुझ्यावर रागावण्याचा मला हक्क नाही हे पहिल्या दिवशीच कळत होतं, पण कळून राग जात नाही. तू पत्राच्या शेवटी नुसतं प्रेरणा लिहिलंस, वहिनी लिहिलं नाहीस, ते मी कितीदा तरी वाचलं. आता राग नाही. मी अजून वहिनीच लिहिते आहे. हे शेवटचं समज.

आणि मला पुन्हा माझीच चूक दुरुस्त करायची आहे. आई दादासाठी दिवा लावते, असं मी लिहिलं होतं. तू बरोबर होतीस.

गेल्या रविवारी फारूखभाई आले. मी त्यांना सांगितलं, दिवा दिवसभर चालू राहतो, गोळा तापतो. त्यांनी कपाळावर हात मारला. "हौ ना. ये मैं पैले दिन पूछना था." आई आतून ऐकत होती. त्यांनी ती रिंग कापली, पेस्ट खरवडली, गोळा डावीकडं हळू फिरवून कायमचा काढला. फुटला नाही. मी तो धुतला आणि कागदात गुंडाळून फळीवर ठेवला आहे. आता दारावर साधा उघडा होल्डर आहे, वर पत्र्याचा टोप, दादाला हवा होता तसा. जाताना फारूखभाई म्हणाले, "अब रात-दिन जलाओ. बरसों नै जाता."

ते गेल्यावर आई बाहेर आली, टोपाकडं बघत उभी राहिली. म्हणाली, "आता हा जाणार नाय ना?"

"नाही."

"बरं झालं. तुला सारखा हेलपाटा पडायचा."

एवढं साधं बोलली, आणि मला पुढं राहवलं नाही. तू नको म्हणाली होतीस, तरी मी विचारलंच. म्हणाले, "आई, दिवा दिवसा चालू असतो ते मी बघितलंय. दादा आता..."

तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "ते मला शिकवू नको. त्याला आणलं तव्हा तोंड मीच पुसलं त्याचं. मला काय ठाऊक नाय व्हय?"

"मग कुणासाठी लावतेस?"

"घरातलं एक माणूस बाहेर हाय."

"मग मी बंद करते तेव्हा तसं सांगत का नाहीस?"

"तू दमून येतीस. तुझ्या मनाला वाटतं सगळे आले. वाटू दे म्हनलं. तू निजली की मी लावते."

वहिनी, भाऊबीजेच्या दिवशी ती सैपाकघरात का थांबली, ते आता तिच्याच शब्दांत लिहिते. त्यातला एकही शब्द मी वाढवलेला नाही. म्हणाली, "मी तिची ओटी भरायला गेले होते आत. तांदूळ घेतले, खण काढला, नारळ हातात घेतला. आन तिथंच पाय थांबले. नवरा गेलेल्या बाईची ओटी भरावी का नाय, मला कुणी सांगितलेलंच नाय. भरली तर तिला वाटंल, म्हातारी माझी थट्टा करती. नाय भरली तर वाटंल, रिकामीच काढून दिली. तिनं हाक मारली. मी व्हय म्हणणार होते, पण हातात ते ताट. ते घेऊन बाहेर यावं का ठेवून यावं? तेवढ्यात गाडी गेली."

डबे वाजत होते ते तांदळाचे. ती रागावलेली नव्हती. तू उंबऱ्यावर उभी होतीस आणि ती आत, तुला दुखवायचं नाही म्हणून.

मी विचारलं, हे तिला कळवलं का नाहीस. तर म्हणते, "फोन तिच्या भावाच्या हातात. असलं काय फोनवर सांगायचं असतं? येईल तव्हा सांगीन. तिची ओटी राहिली हाय ना इथं. ती न्यायला येईल की."

मग तिनं मला पत्र्याच्या पेटीतून ते ताट काढून दाखवलं. खण, तांदूळ, हळकुंड, आणि तोच नारळ. पार वाळून गेलाय. हलवला तर आत खोबरं वाजतं.

त्याच वेळी मी तिला तुझं लग्न सांगू शकले असते. जिभेवर आलं होतं. पण मी तुला वचन दिलं नव्हतं तरी तू मागितलं होतंस, म्हणून गिळलं. तेव्हापासून आठवडा झाला, मी रोज खोटं वागते आहे. आठ वाजता गल्लीच्या तोंडाशी येते, लांबून दिवा दिसतो. पूर्वी वाटायचं, माझ्यासाठी लावलाय. आता ठाऊक आहे की त्यातला थोडाच माझा आहे. मी आत जाते, तिच्यासमोर बटण दाबते, आणि दोघीही एकमेकींचं मन राखून झोपायला जातो.

आधी बल्ब जात होता ते एका अर्थी बरं होतं, असं मला आता वाटायला लागलंय. दहा-पंधरा दिवसांनी दिवा आपोआप विझायचा, तिला मला बल्ब मागावा लागायचा, काहीतरी बोलावं लागायचं. ते मी दुरुस्त करून टाकलं. आता तो विझणार नाही. तू पाचोऱ्याला तुझ्या घरी दिवा लावशील, आणि इथं हा तुझ्यासाठी वर्षानुवर्षं रात्रंदिवस जळत राहील. मी बघत राहीन. एवढं माझ्याच्यानं होणार नाही, वहिनी.

म्हणून मी आईला सांगणार आहे. लग्नानंतर नाही, आधी. लग्नानंतर सांगितलं तर तिला वाटेल की ओटी भरायची वेळ दुसऱ्यांदा तिच्या हातून गेली. तुझी भीती मला कळते. ती पुन्हा सैपाकघरात जाऊन उभी राहील, कदाचित. या वेळी मी तिच्यामागं आत जाईन आणि ती का उभी आहे ते विचारीन. त्या दिवशी हे विचारायला घरात कुणी नव्हतं.

तुला अंधारात ठेवून मी हे करणार नाही. हे पत्र तुला बुधवार-गुरुवारपर्यंत मिळेल. नको म्हणायचं असेल तर क्लासच्या बाईंच्या फोनवरून मला लॅबमध्ये फोन कर. मी सगळं ऐकून घेईन, पण ऐकूनही कदाचित मानणार नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे मागून फसवलं असं व्हायला नको.

विधवेची ओटी भरावी का नाही ते मलाही ठाऊक नाही. पण लग्नाला निघालेल्या लेकीची भरतात, एवढं ठाऊक आहे, आणि तेवढंच मी आईला सांगणार आहे. ती तयार झाली तर बुधवारी, अकरा तारखेला, आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं सोयगावला येऊ. नाही झाली तर ताट घेऊन मी एकटी येईन. नारळ तेवढा नवा घेते. जुना आईजवळ राहू दे.

दारावरचं बटण यापुढं मी दाबणार नाही. दादाचं तिनं स्वतः केलं होतं. तुझंही तिच्याच हातानं होऊ दे, तिला होईल तेव्हा. एकदा ते झालं की संध्याकाळचा दिवा फक्त माझ्यासाठी असेल. मी लवकर येत जाईन.

तुझी उशी मी बरोबर आणते आहे.

रविवार, आठ फेब्रुवारी. सकाळचा चहा झाला की सांगेन.

तुझी,
अपेक्षा